म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं मानून आई आणि मुलगी दोघींना एकाच पद्धतीने सांभाळावं का?

तुम्ही लिहिलंय की घरात सहा वर्षांची मुलगी आहे आणि 76 वर्षांची आई आहे. दोघी हट्ट करतात, दोघी लहानसहान गोष्टींवरून रुसतात, आणि आई तर तेच तेच पुन्हा सांगत बसते. सगळे तुम्हाला एकच सल्ला देतात: "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, लहान मुलासारखं समजून घ्यायचं." तसंच वागावं का, आणि दोघींना जास्त वेळ एकत्र ठेवणं बरं की त्रासाचं, हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर: नका वागू तसं. हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण मी समुपदेशक म्हणून मुलांसोबतही काम करते आणि ज्येष्ठांसोबतही, आणि ज्येष्ठांचं मन सगळ्यात खोलवर दुखावणाऱ्या गोष्टी बरेचदा याच मायेपोटी घडताना बघते.

सकाळची घाई डोळ्यांसमोर आणा. मुलगी स्वेटरची बटणं लावतेय. पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलंय, त्यामुळे सगळी रांगच चुकलीय. ती जीभ बाहेर काढून, मान वाकवून पुन्हा सुरुवात करते. उशीर होत असला तरी तुम्ही थांबता, "जमतंय की!" म्हणता. पलीकडे आईही स्वेटरची बटणं लावतेय. बोटं आखडलीत, वेळ तेवढाच लागतोय. तिथे मात्र तुमचा हात आपोआप पुढे जातो. "दे गं, मी लावते." काम क्षणात उरकतं. मुलीला त्या सकाळी कळलं की हे मला जमतं. आईला कळलं की हे मला आता जमत नाही. खरं तर तिला जमत होतं, फक्त हळू जमत होतं.

मार्ग्रेट बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी वृद्धाश्रमांमध्ये बसून नेमकं हेच टिपून ठेवलं. कोण काय करतं आणि त्यावर समोरचा कसा वागतो, एवढंच त्या नोंदवत गेल्या. आढळलं असं, की एखाद्या आजी स्वतःचं स्वतः काही करत असल्या की त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नव्हतं. त्यांनी मदत मागितली किंवा त्या अडखळल्या की लगेच माणूस यायचं, बोलायचं, हात लावायचं. याचा अर्थ लक्षात घ्या. परावलंबी होणं हा सोबत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग ठरत होता. घरातही हे होतं. आई स्वतःहून उठली, आवरलं, वाचत बसली, तर दिवसभर कुणी तिच्याशी चार वाक्यं बोलत नाही. गुडघा दुखतो म्हटलं की सगळे गोळा होतात. मग गुडघा जास्त दुखायला लागला तर त्याला नाटक म्हणू नये. दुखणं खरं असतं, आणि माणसांच्या सोबतीची भूकही खरी असते. तुम्ही एवढंच करून बघा: ती ठीक असताना तिच्याजवळ जाऊन बसा.

आता मुलीकडे येऊ. सहा वर्षांच्या मुलीचा हट्ट आणि आईचा हट्ट वरून सारखे दिसले तरी मुळात वेगळे आहेत. आवेग आवरणारा, थांबून विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची पंचविशी उजाडते. त्यामुळे मुलगी जमिनीवर लोळून रडते तेव्हा तिच्याकडे अजून ती ताकदच आलेली नसते. ती तुमच्या शांतपणाच्या आधाराने शांत व्हायला शिकते. त्या क्षणी उपदेश डोक्यात शिरत नाही. जवळ बसणं, आवाज खाली आणणं, तिच्या भावनेला नाव देणं ("राग आलाय ना, खेळ अर्धा राहिला म्हणून") एवढं पुरतं. नियम मात्र बदलू नका. रडणं समजून घ्यायचं, पण रडण्याने निर्णय फिरत नाही, हेही तिला त्याच शांत आवाजात कळू द्या.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970च्या दशकातला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसत-खेळत बोलत असते. मग तिला सांगतात, थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ आधी हसतं, मग बोट दाखवतं, आवाज काढतं, किंचाळतं, शेवटी तोंड फिरवून घेतं. बहुतेकांना प्रयोगाचा एवढाच भाग माहीत असतो आणि त्याचा धसका बसतो. त्यातला दिलासा मात्र मागे राहून जातो. ट्रॉनिक यांनीच पुढे दाखवलं की चांगल्या, प्रेमळ मायलेकरांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतातच. मुलाला घडवतं ते बिनसल्यानंतर पुन्हा जुळवून घेणं. तुम्ही लिहिलंय की दिवसभर दोघींचं करून संध्याकाळी तुम्ही मुलीवर ओरडता आणि रात्री झोप लागत नाही. ओरडल्यावर तिच्याकडे परत गेलात, "मी जोरात बोलले, ते चुकलं" असं म्हणालात, तर तिला नातं दुरुस्त कसं करतात हे शिकायला मिळतं. ही शिकवण लहानसहान नाही.

आईच्या हट्टामागे स्वतःला आवरण्याची ताकद कमी असण्याचा प्रश्न क्वचितच असतो. तिच्या हातून एकेक गोष्ट सुटत चाललेली असते: नोकरी किंवा घरातला कारभार, जोडीदार, मैत्रिणी, एकटीने बाहेर जाणं. मग जी दोन-चार ठिकाणं उरतात, कोणत्या खुर्चीत बसायचं, खिडकी उघडी की बंद, अंघोळ आत्ता की नंतर, तिथे ती पाय रोवून उभी राहते. मी तरी तिथे तिला जिंकू देईन. तुमचा आग्रह औषधं, पडण्याचा धोका, आगीशी संबंधित गोष्टी अशांसाठी राखून ठेवा.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. एका मजल्यावरच्या रहिवाशांना सांगितलं, की खोली कशी लावायची, चित्रपट कोणत्या दिवशी बघायचा हे तुम्ही ठरवा, आणि हवं असेल तर एक रोप निवडून त्याची काळजी घ्या. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण त्यांना पाणी घालण्याचं काम परिचारिकांकडे ठेवलं. काही आठवड्यांतच पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही, जास्त मिसळणारी दिसली. अभ्यास छोटा होता, त्यामुळे त्यावरून आयुष्य वाढतं वगैरे मोठे निष्कर्ष मी काढणार नाही. पण स्वतः निवडलेलं रोप आणि कुणीतरी आणून ठेवलेलं रोप यातला फरक मी माझ्या कामात इतक्यांदा पाहिलाय, की त्यातल्या मूळ मुद्द्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता तेच तेच सांगण्याबद्दल. यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात, आणि घरची माणसं त्या एकाच मापाने मोजतात. आई लग्नानंतरची, नोकरीतली, तिच्या वडिलांची तीच आठवण पुन्हा सांगत असेल, तर ती बहुधा आपल्या आयुष्याचा हिशेब मांडतेय. रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञांनी 1963 मध्येच लिहून ठेवलं, की उतारवयात मागे वळून पाहणं हे मनाचं आवश्यक काम आहे, त्याला बिघाड समजू नये. मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी मांडलेल्या आयुष्याच्या आठ टप्प्यांपैकी शेवटचा टप्पाही हाच: जगलो ते आपलंच होतं, असं स्वीकारता येणं, किंवा न आल्यास खंत उरणं. अशा वेळी "हे सांगितलंस तू" म्हणून तोडू नका. एखादा नवा प्रश्न विचारा: "तेव्हा तुला भीती नाही वाटली?" बरेचदा गोष्ट तिथून पुढे सरकते, आणि तिच्या वारंवार येण्यामागे काय अडकलं होतं ते बाहेर येतं.

पण पाच मिनिटांपूर्वी विचारलेला प्रश्न तिने पुन्हा विचारला, उत्तर मिळाल्याचंच आठवत नसलं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळली, पैशांचे नेहमीचे व्यवहार चुकू लागले, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या. कानही तपासा. ऐकू कमी येणारं माणूस विसरभोळं वाटतं, आणि उपचार न केलेला बहिरेपणा हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. नैराश्यामुळेही लक्ष आणि स्मरण इतकं कमी होतं की तो स्मृतिभ्रंश वाटावा, आणि नैराश्य तर बरं होऊ शकतं. एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. एक-दोन दिवसांत अचानक बरळणं, दिवस-रात्रीचं भान जाणं, भलतंच काही दिसणं सुरू झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवीचा संसर्ग, नवं औषध, शरीरातलं पाणी कमी होणं, अशी कारणं त्यामागे असतात.

दोघींमध्ये सारखं काही असेल तर ते इथे आहे: मनातलं दुखणं दोघीही शरीरातून सांगतात. मुलीचं शाळेच्या दिवशीच पोट दुखतं. आईची झोप उडते, जेवण कमी होतं, अंग दुखतं, पण "मला उदास वाटतं" असं ती म्हणणार नाही. मुलांमधलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, हेही ध्यानात असू द्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ कुणाच्याही आवडत्या गोष्टींतला रस गेलेला दिसला, तर तज्ज्ञांना भेटा. आईच्या तोंडून "आता जगून काय करायचं" आलं, तर ते म्हातारपणाचं बोलणं समजून उडवून लावू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, किंवा ती उत्तर टाळतेय असं वाटलं, तर तिला एकटं ठेवू नका आणि लगेच मदत घ्या.

आईला माणसं नकोशी झालीत, असंही तुम्ही म्हणता. हे नेहमीच वाईट नसतं. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या संशोधनाने हे छान समजावलंय: पुढचा वेळ थोडा आहे असं जाणवलं की माणूस ओळखीपाळखीची गर्दी आपणहून कमी करतं आणि जिवाभावाची चार माणसं धरून ठेवतं. म्हणून समारंभाला यायचं नाही म्हणाली तर ओढून नेऊ नका. ज्या चार माणसांवर तिचा जीव आहे, त्यांची ती वाट बघते का, हे बघा. त्यांच्याबद्दलही उदासीन झाली असेल, तर मात्र काळजी करायला हवी.

आणि तिच्याशी बोबडं बोलू नका. "आता आपण शहाण्यासारखं औषध घ्यायचं हं" असल्या सुरात तर नकोच. स्मृतिभ्रंश असलेली माणसंसुद्धा अशा बोलण्याला जास्त विरोध करतात, असं अभ्यासांत दिसलंय. वाक्यं छोटी ठेवा, समोर बसून बोला, वेळ द्या. सूर मात्र तुम्ही तुमच्या आईशी आजवर बोलत आलात तोच असू दे.

दुसरा प्रश्न, दोघींना एकत्र ठेवण्याचा. माझं मत होय असं आहे, पण आईला विचारून. नातीला थोडा वेळ सांभाळणारे आजी-आजोबा आणि दिवसभर तिची जबाबदारी अंगावर पडलेले आजी-आजोबा, यांच्या मनःस्थितीत मोठा फरक असतो. पहिल्यांना उभारी येते, दुसरे थकतात, आणि थकलोय असं म्हणायलाही संकोचतात. म्हणून दिवसातला कोणता वेळ तिला झेपेल हे तिनेच सांगू दे, आणि एखाद्या दिवशी "आज नको" म्हणायची मोकळीक असू दे. नुसतं लक्ष ठेवायला सांगू नका. तिला येणारं काहीतरी मुलीला शिकवायला सांगा: विणकाम, पाढे, जुन्या फोटोंतली माणसं ओळखणं, काहीही. वयानुसार विचारांचा वेग मंदावतो, पण शब्दसंपत्ती आणि साठवलेलं ज्ञान साठी-सत्तरीतही चांगलं टिकून असतं. गंमत म्हणजे घरात इतर कुणाहीपेक्षा हळू चालणारी ही दोनच माणसं असतात, त्यामुळे घाई कुणालाच नसते.

आजी मध्येच चिडली किंवा नाव विसरली तर मुलगी गोंधळेल. या वयाची मुलं कारण स्वतःत शोधतात, आपण काहीतरी वाईट केलं असं धरून चालतात. तेव्हा तिला लगेच, सोप्या शब्दांत खरं सांगा: "आजी दमली की तिला राग येतो. तू काही चुकीचं केलं नाहीस." तिने "आजी मरणार का?" असं विचारलं तरी विषय बदलू नका. सहाव्या-सातव्या वर्षी मुलांना कळू लागतं की मेलेलं माणूस परत येत नाही, आणि हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. "झोपली", "दूर गेली" असं सांगितलं की काही मुलं झोपायलाच घाबरतात. "हो, कधीतरी. आत्ता ती आपल्याजवळ आहे. तुला कशाची भीती वाटते, सांग मला," असं म्हणा, आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐकून घ्या.