सहा जणांनी मिळून स्मरणिका संपादित करायची आहे. गुगल डॉक्स वापरावे की वर्डच्या फायली ईमेलने फिरवाव्यात?

गुगल डॉक्स वापरा. 'ऑनलाइन मजकुराला सगळ्यांचे हात लागले की जबाबदारी कोणाचीच राहत नाही', हे आपल्या ज्येष्ठ संपादकांचे मत आपण प्रश्नाबरोबर कळवले नसते, तर मी एवढ्यावरच थांबलो असतो. हेच मत मी एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथाचे काम चालू असताना सतत ऐकले आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे.

तेथे मी संपादन साहाय्यक होतो. प्रत्येक लेखाची वर्ड फाइल समन्वयक संपादकांकडे यायची, ते ती दोघातिघांना वाचायला पाठवायचे आणि परत आलेल्या प्रतींपैकी शेवटची प्रत डीटीपीला, म्हणजे छपाईसाठी पानांची मांडणी करायला, जायची. दोन प्रतींतील दुरुस्त्या एकत्र करण्याची सोय वर्डमध्ये आहे, पण ती वापरण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. 'ट्रॅक चेंजेस' ही दुरुस्त्यांच्या खुणा ठेवणारी सोय चालू असायची, हे खरे. मात्र दुरुस्ती करणाऱ्याचे नाव वर्ड त्या संगणकावरील नोंदीवरून घेत असे, आणि आमच्यापैकी अनेकांच्या संगणकांवर ते 'एचपी', म्हणजे संगणकाच्या कंपनीचेच, होते. त्यामुळे एकाने घातलेला शब्द दुसऱ्याने खोडला, तर वर्डच्या लेखी दोघे एकच असल्याने त्याची खूणही उरत नसे.

देणगीदारांच्या परिशिष्टासाठी मी घरोघरी फोन करून नावे तपासली, दिवंगतांच्या नावांमागे 'कै.' घातले आणि फाइल पाठवली. त्याच काळात त्याच परिशिष्टाची जुनी प्रत छायाचित्रांखालच्या ओळी लिहिणाऱ्या सहकाऱ्याकडे होती; ती माझ्यानंतर पोहोचली आणि छापून आली. प्रकाशनाच्या दिवशी एक वयस्क गृहस्थ ते पान उघडून थेट माझ्यापुढे उभे राहिले, कारण त्यांच्या घरी फोन मी केला होता. पान न बोलता पुढे धरले होते आणि वडिलांच्या नावामागच्या 'श्री.'वर बोट ठेवले होते. पुढच्या बैठकीत खापर माझ्यावरच फुटले. मी पाठवलेली फाइल ईमेलमधून काढून दाखवली, तेव्हा 'तुमची प्रत अंतिम होती हे आता कसे ठरवणार?' असे मला विचारण्यात आले. जबाबदारीचा आग्रह धरणाऱ्यांच्या पद्धतीत जबाबदारी निश्चित करण्याचे साधनच नव्हते.

गुगल डॉक्समध्ये प्रत एकच असते. प्रत्येक बदल एका छोट्या क्रियेच्या रूपाने सर्व्हरकडे जातो, तेथे क्रियांचा क्रम लागतो, आणि म्हणून दोघे एकाच परिच्छेदात लिहीत असले तरी दोघांचेही लेखन टिकते; कोणी, केव्हा, काय बदलले हे आवृत्ती-इतिहासात दिसते. विकिपीडिया २००१ पासून जगभरच्या अनोळखी माणसांकडून लिहून घेतला जातो, तो पानागणिक ठेवलेल्या अशाच इतिहासाच्या बळावर. आमच्या समन्वयकांना हे सारे 'नवे फॅड' वाटे. अमेरिकन संगणक-संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून सुमारे पन्नास किलोमीटरवरील मेन्लो पार्कमधल्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करून दाखवले होते. तेव्हा नवेपणाची तक्रार जरा जपूनच करावी.

आपल्या कामापुरते सांगायचे, तर प्रत्येक लेखाचा स्वतंत्र दस्तऐवज करा. वाचणाऱ्यांना फक्त सूचना देण्याचा अधिकार द्या आणि त्या स्वीकारण्याचा अधिकार ज्येष्ठ संपादकांकडेच ठेवा; जबाबदारी हवी असेल तर ती त्यांच्या नावावर, दिनांक व वेळेसह नोंदली जाईल. सर्वांनी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत) आणि शक्यतो एकाच कळफलकाने टंकलेखन करावे. 'दुसऱ्या' हा शब्द दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो, डोळ्यांना फरक दिसत नाही, पण 'शोधा व बदला' करताना ते दोन भिन्न शब्द ठरू शकतात. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमधील लेख युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यावर ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार जागेवर आहेत ना, हे जोडाक्षरांपाशी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

काही मर्यादा आहेत. दुवा मिळालेल्या कोणालाही संपादनाची मुभा ठेवली, तर बदलणाऱ्याची नोंद अनामिक म्हणून होऊ शकते आणि माझा सगळा युक्तिवाद तेथेच कोसळतो. प्रत्येकाला त्याच्या ईमेल पत्त्यानेच सहभागी करा. मजकूर इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लागल्यानंतरच्या दुरुस्त्या आपोआप मूळ दस्तऐवजात येत नाहीत, म्हणून त्या टप्प्यावर दस्तऐवज केवळ वाचण्यापुरता खुला ठेवून पुढच्या दुरुस्त्या एकाच पीडीएफवर घ्याव्यात. हाताने लिहून पाठवणाऱ्या ज्येष्ठ लेखकांवर ही व्यवस्था लादू नका. त्यांचा लेख दुसऱ्याने टंकित करावा आणि मूळ हस्तलिखिताचे छायाचित्र त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. आणि आपले संपादक तरीही ईमेलवर अडून बसले, तर निदान प्रत्येक संगणकावरचे 'एचपी' बदलून तेथे माणसाचे नाव घाला.