संघ मागे घेतला, त्याच दिवशी तिचं नाव फुटलं

मी समुपदेशक आहे. कॉलेजच्या जिमखान्यातून माझ्याकडे येणारा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "मॅडम, एखाद्या खेळाडू मुलीनं कोचविरुद्ध तक्रार केली, तर आम्ही आधी काय करायचं? संघ खेळवायचा की थांबवायचा?" आईवडिलांचा प्रश्न त्याच्याच पोटातला असतो, "तक्रार केली तर हिचं खेळणं सुटेल का?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी एका अनुभवातून देते. संबंधितांची परवानगी घेतली आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून खेळ, वय आणि काळ बदलला आहे.

सर पहिल्यांदा आले ते पोटाच्या तक्रारीमुळे. जळजळ, रात्री तीनला जाग, छातीत धडधड. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्यावर त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. वय बावन्न. पुण्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक. मुलं त्यांना 'जिमखाना सर' म्हणत. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे आणि हातातला चाव्यांचा जुडगा सारखा फिरवत राहायचे. दोन भेटी नुसत्या झोपेवर बोलण्यात गेल्या. तिसऱ्या भेटीत त्यांनी जुडग्यातली एक चावी वेगळी धरली आणि म्हणाले, "ही स्टोअररूमची. दुसरी चावी कोचकडे होती. मीच दिली होती."

मग ते बोलले. एसवायला असलेली कबड्डी संघातली एक रेडर सराव संपल्यावर त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "सर, कोच सर स्ट्रेचिंग द्यायला स्टोअररूममध्ये एकटीला बोलावतात. मला नाही जायचं." एवढंच. तिनं याहून जास्त सांगितलं नाही, आणि सरांनी विचारलंही नाही. ते म्हणाले, "बरं, मी बोलतो त्यांच्याशी. एवढी झोनल होऊ दे."

"मला कळलं नव्हतं असं नाही," त्यांनी मला सांगितलं. "कळलं होतं, मॅडम. तिच्या पायांकडे बघूनच कळलं. अंगठ्यानं जमीन उकरत होती."

कोच बाहेरचे, मानधनावरचे. पण तीन वर्षं संघाला चषक मिळवून देत होते. कोणाला सात जणींत घ्यायचं, कोणाला बाकावर बसवायचं, विद्यापीठाच्या संघासाठी कोणाचं नाव पुढे करायचं, हे तेच ठरवत. सरांची सही नंतर व्हायची. मुलींना हे नीट माहीत होतं. बारा दिवस वाट पाहून त्या मुलीनं प्राचार्यांकडे लेखी अर्ज दिला.

संस्थेनं दोन गोष्टी केल्या. कोचला "काही दिवस येऊ नका" असं तोंडी सांगितलं आणि झोनल स्पर्धेतून संघ मागे घेतला. जिमखान्याच्या फळ्यावर नोटीस लागली, 'काही अपरिहार्य कारणास्तव.' संध्याकाळपर्यंत कँटीनमध्ये सगळ्यांना नाव माहीत झालं. कोच येत नाहीत, संघ रद्द, आणि त्याच दिवशी एक मुलगी प्राचार्यांच्या केबिनमधून रडत बाहेर आलेली कोणीतरी पाहिलेली. कोणी काही फोडायची गरजच पडली नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायला सांगितलं आहे, आणि इथे एका ओळीच्या नोटिशीनं ते बाहेर आलं.

सरांना मात्र ही कारवाई कडक वाटत होती. "निदान आम्ही कचरलो नाही," ते म्हणाले. मी त्यांना विचारलं, "या निर्णयानं कोणाचं काय गेलं, ते एकेक सांगा." ते मोजू लागले. बारा मुलींची स्पर्धा गेली. तिघींचं शेवटचं वर्ष होतं. तक्रार करणाऱ्या मुलीच्या मैत्रिणी गेल्या. "आणि कोचचं?" ते गप्प झाले. मानधन महिन्याच्या शेवटी मिळणारच होतं. चावीसुद्धा अजून त्यांच्याचकडे होती.

हा गोंधळ एकट्या आपल्या कॉलेजांचा नाही. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांवर देखरेख ठेवणारी एनसीएए ही मोठी संघटना याच प्रश्नावर अडखळली आहे. पेन स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की लहान मुलांवरच्या अत्याचारांच्या ४५ आरोपांत २०१२ मध्ये दोषी ठरला. २००१ मध्ये एकानं प्रत्यक्ष पाहिलं होतं, मुख्य प्रशिक्षकांना सांगितलं होतं, त्यांनी वरच्यांना सांगितलं होतं. पण पोलिसांकडे कोणीच गेलं नाही. एनसीएएनं विद्यापीठाला ६ कोटी डॉलर दंड केला, संघावर चार वर्षं हंगामानंतरच्या सामन्यांची बंदी घातली आणि १९९८ पासूनचे विजय खोडले. त्या वेळी मैदानावर असलेली पोरं १९९८ मध्ये बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत असतील. पुढे २०१४ मध्ये बंदी उठवावी लागली आणि २०१५ मध्ये विजयही परत द्यावे लागले. ज्यांनी गप्प राहायचं ठरवलं होतं त्या तिघा अधिकाऱ्यांना, विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांसह, शिक्षा केली ती न्यायालयानं, २०१७ मध्ये.

अमेरिकेतल्याच मिशिगन स्टेट विद्यापीठात याच्या अगदी उलट घडलं. तिथला डॉक्टर लॅरी नासर 'उपचार' म्हणून खेळाडू मुलींशी जे करत होता, त्याची तक्रार २०१४ मध्ये विद्यापीठाकडे आली. चौकशीनं तो वैद्यकीय उपचारच ठरवला आणि तो पुन्हा कामावर रुजू झाला. २०१८ मध्ये त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा दीडशेहून जास्त बायका न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. विद्यापीठानं ५० कोटी डॉलरची भरपाई कबूल केली. एनसीएएनं मात्र त्याच वर्षी सांगितलं, आमच्या नियमांचा भंग झालेला नाही.

हे ऐकताना सर 'उपचार' या शब्दापाशी थांबले. "स्ट्रेचिंग," ते हळूच म्हणाले. खेळात शरीराला हात लावावाच लागतो. पकड शिकवताना, पाय ओढला गेला तर, खांदा निखळला तर. म्हणूनच तिथे आडोसा मिळतो. हाताचा हेतू मुलीला लगेच कळतो, पण तो शब्दांत मांडायला तिला वेळ लागतो, कारण समोरच्यानं त्याला आधीच एक सभ्य नाव देऊन ठेवलेलं असतं.

माझं मत मी त्यांना स्पष्ट सांगितलं, इथेही सांगते. क्रीडा विभागाची पहिली कारवाई ज्याच्यावर आरोप आहे त्याच्या हातातल्या अधिकारावर व्हायला हवी. निवड यादी, चावी, प्रवासातली सोबत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे त्याच दिवशी काढून घ्यायचं, तेही लेखी. चौकशी व्हायची आहे म्हणून त्याला दोषी म्हणू नका. पण ती होईपर्यंत त्या मुलीचं भविष्य त्याच्या पेनात ठेवू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१५ च्या नियमांत याची सोय आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रार करणाऱ्या मुलीच्या कामाचं मूल्यमापन करण्यापासून संस्थेला रोखता येतं. वर्गात मूल्यमापन म्हणजे मार्क, मैदानावर मूल्यमापन म्हणजे सात जणींची यादी. जिमखान्यात ही गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही. "हे कॉलेजच्या बाहेर, कॅम्पमध्ये घडलं, आमचा काय संबंध" हेही चालत नाही. त्याच नियमांत शिबिरं आणि क्रीडास्पर्धांची ठिकाणं कॅम्पसमध्येच धरली आहेत.

"मग मी राजीनामा देऊ का?" सरांनी विचारलं. हा प्रश्न मी फार चांगल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे, आणि दर वेळी मला त्याची भीती वाटते. राजीनामा दिला की माणूस सुटतो आणि त्याला माहीत असलेलं त्याच्याबरोबर निघून जातं. मी म्हटलं, "आधी लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत तक्रार समितीला लिहून द्या. ती मुलगी तुमच्याकडे कोणत्या तारखेला आली, काय म्हणाली, तुम्ही काय उत्तर दिलंत. तेवढंच." त्यांच्या कॉलेजात अजून सगळे या समितीला विशाखा समितीच म्हणत. चार ओळी लिहायला त्यांना दीड तास लागला. 'एवढी झोनल होऊ दे' हे वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

चौथ्या भेटीत त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. अकरावीतल्या एका मुलीचा मेसेज होता. ऑगस्टमध्ये 'अभ्यासामुळे' सराव सोडून गेलेली मुलगी. "सर माझ्यासोबत पण झालंय. प्लीज आईला सांगू नका."

पुण्यातली बरीच कॉलेजं ज्युनिअर आणि सीनिअर मिळून एकाच आवारात आहेत. मैदान एक, कोच एक, आणि खेळाडूंमध्ये सोळा-सतरा वर्षांची मुलंमुलीही असतात. अठराच्या आतलं मूल म्हटलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. त्यात आधी समितीत बघू, खात्री करून घेऊ, असा पर्याय नाही. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखानं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

मी सरांना म्हटलं, "ही गोष्ट आता या खोलीत राहू शकत नाही. तुम्ही कळवायला हवं, आणि मलाही." पहिल्या भेटीत गुप्ततेच्या मर्यादा सांगितल्या होत्या, त्या त्यांना आठवल्या. आम्ही आधी त्या मुलीला फोन केला. लपवून काही करायचं नव्हतं. तिला सांगितलं, आईपासून ही गोष्ट आता लपवता येणार नाही. पण तुला एकटीनं सांगावं लागणार नाही. पलीकडे खूप वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आई चिडली तर तुम्ही तिथे असाल ना?" त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी पोलिसांना कळवलं. पुढचं न्यायालयात आहे, त्याबद्दल मी लिहिणार नाही.

दोन्ही मुलींना मी माझ्या एका सहकारी समुपदेशकाकडे पाठवलं. ज्या माणसानं आधी ऐकून घेतलं नाही तो जिथे मन मोकळं करतो, त्याच खुर्चीवर त्यांना बसवणं मला बरोबर वाटलं नाही.

स्पर्धेचे ड्रॉ अजून पडले नव्हते. सरांनी प्राचार्यांना गाठलं, आणि संघाचं नाव परत गेलं. एक मॅडम व्यवस्थापक म्हणून गेल्या, आणि बालेवाडीला सराव करणारी एक माजी खेळाडू कोच म्हणून आली. त्याआधी मला संघाशी बोलायला बोलावलं. गुंडाळलेल्या मॅटवर मुली ओळीनं बसल्या होत्या, मलमाचा उग्र वास येत होता. तक्रारीचा विषय मी काढणार नव्हतेच. मी विचारलं, "संघ मागे घेतला हे कळल्यावर कसं वाटलं?" कर्णधार म्हणाली, "राग आला." कोणाचा, हे ती बोलली नाही, पण टोकाला बसलेल्या मुलीनं नीकॅप खाली ओढली, परत वर ओढली. मी सांगितलं, "तो निर्णय मोठ्यांचा होता. तुमच्यातल्या कोणीही तो मागितला नव्हता." त्यावर सर उठले आणि म्हणाले, "तो चुकला होता. मला आधी सांगण्यात आलं होतं, मी ऐकलं नाही." खोलीत कोणी हललं नाही. सभा संपल्यावर कर्णधार टोकाच्या मुलीशेजारी जाऊन बसली. दोघी काहीच बोलल्या नाहीत.

संघ उपांत्य फेरीत तीन गुणांनी हरला. ती रेडर पहिल्या सामन्यात बाकावरच होती, तिनंच तसं सांगितलं होतं. दुसऱ्यात उत्तरार्धात उतरली.

घरी मुलगी असं काही बोलली तर आईवडिलांनी खेळ बंद करू नये, हे मी हात जोडून सांगते. 'उद्यापासून मैदानावर जायचं नाही' हे प्रेमापोटीच म्हटलं जातं. पण मुलीला ते शिक्षा म्हणूनच ऐकू येतं, आणि पुढच्या वेळी ती सांगत नाही. तक्रार समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांत जावी लागते. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. त्यामुळे हंगाम संपेपर्यंत थांबू, परीक्षा होऊ दे, असं करत बसू नका. तिनं सांगितलेलं त्याच दिवशी तारीख घालून तिच्याच शब्दांत लिहून ठेवा. २०२३ च्या जानेवारीत देशातल्या नामवंत कुस्तीगीर मुली लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा त्यांनाही लोक हेच विचारत होते, इतके दिवस का नाही बोललात? बोलायला जागा होती का, हे विचारणारे थोडे होते.

सरांची झोप अजून पूर्ण आलेली नाही. ती लवकर यावी असं मी त्यांना सांगतही नाही. यंदाच्या निवड चाचणीआधी त्यांनी यादी ठरवणाऱ्या तिघांची समिती केली, त्यात दोन मॅडम आहेत. पहिल्याच दिवशी एफवायच्या एका मुलीनं सगळ्यांसमोर हात वर करून विचारलं, "सर, आम्हाला कोण निवडणार आहे?" त्यांनी तिथल्या तिथे तिन्ही नावं वाचून दाखवली.