दुबईच्या वाळवंटात मार्शलच्या सोबतीनं स्वतः गाडी चालवावी का?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात शारजाला मुलीकडे जाताय, वय 54 आहे, पुण्यात 25 वर्षं गाडी चालवताय. जावई म्हणतात, नेहमीच्या सफारीत मागच्या सीटवर बसून जाण्यापेक्षा मार्शलच्या, म्हणजे ताफ्यासोबत राहून वाट दाखवणाऱ्या अनुभवी चालकाच्या, देखरेखीखाली वाळूत स्वतः गाडी चालवा. तुम्हाला प्रश्न पडलाय की हे झेपेल का, गाडी उलटली तर काय, आणि एवढे पैसे घालावेत का.

माझं उत्तर: जा. फक्त कोणाबरोबर जाताय ते नीट बघून जा.

मी 11 वर्षं दुबईत आहे. गाडी शिकले वाईला, वडिलांच्या जीपवर, पसरणी घाटात. त्यामुळे वाळूत पहिल्यांदा गेले तेव्हा गाडी चालवता येते असा माझा पक्का समज होता. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की घाटानं पायाला लावलेली एक सवय इथे मोडावी लागणार आहे, ती म्हणजे ब्रेकची. उतार दिसला की पाय आपसूक ब्रेकवर जातो. वाळूत ब्रेक दाबला की चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो, गाडी तिथेच बसते आणि पुन्हा निघताना तोच बांध चढून जावा लागतो. थांबायचं असेल तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, बस. वाळू गाडीला आपोआप थांबवते. आमचे मार्शल केरळचे होते, वीसेक वर्षं या वाळूत काढलेले. त्यांचं एकच चाललेलं असायचं, "मॅडम, ब्रेक नहीं. पैर उठाओ, सिर्फ पैर उठाओ." तिसऱ्या टेकडीवर ते माझ्या पायाला कळलं.

आता टायरमधल्या हवेबद्दल सांगते, कारण तिथूनच सगळं सुरू होतं. डांबरी रस्ता सोडला की सगळ्या गाड्या ओळीनं थांबतात आणि सगळे गाड्यांशेजारी उकिडवे बसतात. टायरमध्ये साधारण 35 पीएसआय हवा असते, ती 15च्या आसपास आणायची. व्हॉल्व्हची पिन दाबली की फुस्स आवाज येतो, बोटाला गार हवा लागते आणि टायरचा खालचा भाग हळूहळू फुगून बाजूला येतो. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांबट पसरतो. तोच भार जास्त जागेवर वाटला जातो, म्हणून चाक वाळू उकरत नाही, वरून चालतं. उंटाचा पाय बघा, तळवा रुंद आणि मऊ, तीच गोष्ट. माझी गाडी जुनी पजेरो आहे. चारही चाकांची हवा काढायला मला पहिल्यांदा 20 मिनिटं लागली आणि मार्शलनी ती मलाच काढू दिली, स्वतः हात लावला नाही. एका चाकात 15 आणि दुसऱ्यात 19 असं चालत नाही, म्हणून गेज लावून पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. हे काम जो आयोजक तुमच्याकडून करून घेतो, तो शिकवणारा आहे असं समजा.

कमी हवेचा एक धोकाही आहे. वेगात असताना स्टिअरिंग झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून निसटतो, इथे त्याला पॉप-आऊट म्हणतात. म्हणून वळणं मोठी आणि सावकाश घ्यायची. आणि परतताना हवा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेगानं जायचं नाही. मऊ टायर तापतो आणि फुटू शकतो.

वाळूची टेकडी दोन्हीकडून सारखी नसते, हे मला त्या दिवसाआधी माहीत नव्हतं. वारा जिकडून येतो ती बाजू लांब, हलक्या चढाची आणि दाबून घट्ट झालेली असते. पलीकडची बाजू एकदम तीव्र, साधारण 30 ते 34 अंशांची, आणि भुसभुशीत. तुम्ही घट्ट बाजूनं वेग घेऊन चढता आणि माथ्यावर पोचता तेव्हा पलीकडे काय आहे ते दिसतच नाही, समोर फक्त बॉनेट आणि आभाळ. सगळं कसब त्या दोन सेकंदांत आहे. पाय लवकर काढला तर गाडी चढावरच थांबते. उशिरा काढला तर गाडी हवेत जाते, हे फार वाईट. नेमक्या वेळी काढला तर ती माथ्यावरून नाक खाली करते आणि आपण पलीकडच्या उतारावर सरळ खाली घसरत जातो. पहिल्यांदा माझी गाडी माथ्यावर पोटावर बसली, चारही चाकं अर्धवट लोंबकळत. मार्शलनी मला उतरवलं, हातात फावडं दिलं आणि पोटाखालची वाळू काढायला लावली. वाळू वरून कोमट आणि वीतभर खाली चक्क गार होती. लाल वाळू ती, लोहाच्या ऑक्साईडमुळे लाल दिसते, आणि इतकी बारीक की फावड्याभर काढली तर तेवढीच परत ओघळून येते. वीस मिनिटांनी मागून दोरखंड लावून गाडी ओढली. ती वीस मिनिटं मला पुऱ्या दिवसापेक्षा जास्त शिकवून गेली.

तुमचा खरा प्रश्न उलटण्याचा आहे, त्याला मी बगल देणार नाही. वाळूत गाड्या उलटतात. बहुतेक वेळा कारण एकच, उतारावर गाडी आडवी होते. चढताना गाडी अडली, पुढे जात नाही असं वाटलं, की नवखा माणूस स्टिअरिंग वळवून परत फिरायला बघतो. तिथे फिरायचं नाही. चाकं सरळ ठेवून, रिव्हर्समध्ये, आलो त्याच चाकोरीतून सरळ मागे उतरायचं. खाली उतरतानाही नाक सरळ खाली. मागची बाजू घसरून आडवी व्हायला लागली तर नाक उताराच्या दिशेला वळवायचं आणि हलकासा ॲक्सिलरेटर द्यायचा, ब्रेक नाही. मनाला हे उलटं वाटतं, म्हणूनच लहान टेकडीवर दहा वेळा करून घ्यायचं. चांगले मार्शल पहिला तास सपाट वाळूत आणि छोट्या टेकड्यांवरच घालवतात. तुम्हाला कंटाळा आला तरी तो तास चुकवू नका.

आता पैशांकडे येते. मी दोन वेगवेगळ्या आयोजकांकडे गेले आहे. पहिल्यांदा 14 गाड्यांचा ताफा होता, पुढे एक मार्शल, मागे एक, आणि वॉकीटॉकी फक्त त्या दोघांकडे. मी एका खोलगट वाटीत रुतले आणि पुढच्या गाड्या निघून गेल्या. मागचा माणूस पोचेपर्यंत बराच वेळ मी एकटीच होते. पाणी होतं, ऊनही कोवळं होतं, म्हणून निभावलं. पण त्या वेळी जो राग आला तो अजून आहे, कारण वाळवंटात कोणाला मागे सोडायचं नसतं, हा इथला अगदी पहिला नियम. दुसऱ्यांदा पाचच गाड्या, दोन मार्शल, प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी, प्रत्येक गाडीला उंच झेंडी, म्हणजे टेकडीआडून येणारी गाडीही दिसते. पैसे जास्त पडले आणि ते सार्थकी लागले. तेव्हा बुकिंग करण्यापूर्वी गाड्या किती, मार्शल किती, वॉकीटॉकी कोणाकोणाकडे, एवढं विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा बघा.

गाडी कोणाची हेही विचारा. आयोजकाच्या गाडीनं शिकणं तुमच्यासाठी सगळ्यांत बरं. भाड्याच्या साध्या गाडीचा करार बहुधा वाळूत न्यायला मनाई करतो, आणि जावयांच्या गाडीच्या विम्यात ऑफ-रोडचं कलम आहे का ते तपासल्याशिवाय ती नेऊ नका. भारतातून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो. तो तुमच्या बाबतीत पुरेसा आहे का, हे आयोजकाकडून लेखी घ्या.

डिसेंबर निवडलात हे उत्तम. इथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात पारा 45च्या वर जातो, तेव्हा माणसं आणि इंजिनं दोन्ही दमतात. वेळ मात्र सकाळची घ्या. रात्रीच्या गारव्यानं वाळू सकाळी जरा घट्ट असते. शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात सावल्या पडतात आणि टेकडीचा आकार दिसतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सगळं एकसारखं सपाट दिसतं, समोर खड्डा आहे की चढ ते कळत नाही. मला एकदा दुपारी बाराला तीन मीटर खोल वाटी अगदी तोंडाशी आल्यावर दिसली होती.

कुठे जायचं म्हणाल तर शारजाहून जवळ म्हणजे अल मदाम आणि म्लेहाचा पट्टा. दुबई-हत्ता रस्त्यालगतची बिग रेड टेकडी सगळ्यांना माहीत आहे, पण तिथे शनिवार-रविवारी क्वाड बाइकची, म्हणजे चार चाकांच्या मोटारसायकलींची, झुंबड असते, नवख्यानं तिथे शिकू नये. म्लेहाजवळचा फॉसिल रॉक मला फार आवडतो. आजूबाजूला लाल वाळू आणि मधे काळपट खडक, आणि त्या खडकात समुद्री जीवांचे जीवाश्म. कधीकाळी समुद्राचा तळ असलेल्या दगडासमोर गाडी लावून आम्ही डबे उघडले होते. जवळच्याच फाया परिसराला 2025 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. आदिमानवाच्या वावराच्या खुणा तिथे सापडल्या आहेत. गाडी चालवून झाली की म्लेहाचं पुरातत्त्व केंद्र नक्की बघा.

एक मनापासूनची विनंती. वाळवंट रिकामं दिसतं, पण रिकामं नसतं. घाफचं झाड दिसलं तर त्याच्या जवळून गाडी नेऊ नका. ते या देशाचं राष्ट्रीय झाड आहे आणि त्याची मुळं पाण्याच्या शोधात फार खोल जातात. झुडपांवरून चाक घालू नका, पाण्याच्या बाटल्या परत आणा. दुबईचं संरक्षित वाळवंट आपल्या गाडीसाठी बंद आहे, तिथे शॉर्टकट मारायला कोणी सांगितलं तरी जाऊ नका. आणि पांढरट, सपाट, कडक दिसणारी जमीन आली तर ती सबखा असू शकते, वर मिठाचा पापुद्रा आणि खाली चिखल. मार्शलनं नेल्याशिवाय त्यावर चाक ठेवायचं नाही.

आता थोडं तुमच्या बायकोबद्दल. तुम्ही लिहिलंय की त्यांना मणक्याचा त्रास आहे. त्यांना टेकड्यांवर नेऊ नका, माथ्यावरचे धक्के कंबरेला सोसवत नाहीत. त्यांना तळावर बसू द्या किंवा म्लेहाच्या केंद्रात सोडा. तुम्हाला स्वतःला मळमळेल ही भीती असेल तर ऐका, गाडी चालवणाऱ्याला ती फार कमी होते, कारण पुढचा धक्का कधी येणार हे त्यालाच माहीत असतं. मागच्या सीटवरच्यांना होते. म्हणूनही स्वतः चालवणं बरं.

बंद बूट घाला, चपला वाळूत निसटतात. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवू नका, चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग झटक्यात फिरतं आणि अंगठा दुखावतो. गाडीत मोकळी बाटली किंवा मोबाइल ठेवू नका, उतारावर तो पुढे उडतो. टाकी पूर्ण भरलेली असू द्या, वाळूत पेट्रोल भरपूर जातं. थांबायची वेळ आली की नेहमी उताराकडे तोंड करून थांबा, म्हणजे निघताना गाडी आपल्या वजनानंच सुटते. हे शेवटचं मी पहिल्यांदा विसरले होते.

आणि जावयांना सांगा की परतताना हवा भरायला पंपावर रांग लावू नका. मार्शलकडे कॉम्प्रेसर असतो. चारही चाकं भरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात थर्मासमधला चहा काढा. माझ्या पहिल्या चांगल्या दिवसाचा तो चहा मी टायरला टेकून, वाळूत पाय पसरून प्यायले, आणि बुटातून निघालेली लाल वाळू घरी डबीत ठेवली आहे.