१९६७ ची ईएस-३३५ : पॉलिशच्या भेगा सोडा, नटच्या मागे बघा

तुमचा प्रश्न आणि फोटो दोन्ही नीट पाहिले. तुम्ही पुण्यात, बहीण मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला. तिच्या ओळखीतले एक निवृत्त गृहस्थ त्यांची चेरी रंगाची गिब्सन कंपनीची ईएस-३३५ ही इलेक्ट्रिक गिटार विकतायत, १९६७ ची म्हणून सांगतात. पॉलिशवर बारीक भेगा आहेत, पाठीवर बेल्टच्या बकलचे ओरखडे आहेत, ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) बदललेले आहेत. बहिणीला गिटार वाजवता येत नाही. तर घ्यावी का, आणि तिने जाऊन नेमकं काय बघावं?

भेगांनी आणि ओरखड्यांनी अजिबात घाबरू नका. त्या काळचं गिब्सनचं पॉलिश म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. वर्षं गेली की तो वाळतो, कडक होतो. लाकूड हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, कडक झालेल्या लॅकरला ते जमत नाही, मग तो तडकतो. ही जाळी लॅकरपुरतीच असते. ३३५ चं वरचं आणि मागचं पान एकसंध लाकडाचं नाही, मेपल-पॉपलर-मेपल असे पातळ थर चिकटवून दाबलेलं आहे, त्यामुळे ते सहसा चिरत नाही. एक अपवाद म्हणजे जॅक, केबल खोचायची जागा. या गिटारला जॅक समोरच्या पानावरच बसवलेला असतो. कुणी केबलवर पाय देऊन झटका बसला की त्या भोवतीचं पान फुटतं. तेवढी जागा बहिणीला बघायला सांगा. जुन्या गिटारवर भेगा नसतील तर मला उलट शंका येते, कारण मग ती कधीतरी पुन्हा रंगवलेली असू शकते.

आता खरं बघायचं ते. नेक (गिटारची मान) महोगनीचा, हेडस्टॉक म्हणजे खुंट्यांचं टोक मागे कललेलं, आणि नेमक्या त्या वळणावर, तारांखालच्या आडव्या पट्टीपाशी म्हणजे नटपाशी, नेक सरळ ठेवणाऱ्या सळईच्या (ट्रस रॉडच्या) चाकीसाठी लाकूड पोखरलेलं. गिब्सनची सगळ्यात नाजूक जागा ही. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली, किंवा पेटीत असतानाच पेटी आडवी कोसळली, तरी इथे मोडते. चांगल्या कारागिराने जोडली तर वाजायला काही फरक पडत नाही, पण किंमत साधारण निम्म्यावर येते. माझ्यावर ही वेळ आली आहे, म्हणून एवढं ठासून सांगतोय. मी शिकागोत राहायला आल्यावर पहिली जुनी ३३५ एका दुकानातून घेतली, १९६६ ची, कधी न मोडलेली म्हणून पूर्ण पैसे मोजून. दोन वर्षांनी फ्रेट (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या) बदलायला दिली तेव्हा कारागिराने मला खिडकीशी बोलावलं, गिटार उलटी धरली आणि माझा अंगठा नटच्या मागे ठेवला. "नख फिरव," म्हणाला. बास ईच्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या बाजूला, लॅकरखाली एखादा केस अडकलेला असावा तशी रेघ नखाला लागली. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. मग त्याने अतिनील टॉर्च मारला. सगळा नेक फिकट हिरवट-पिवळा चमकला आणि वळणावर चार बोटं रुंदीचा पट्टा काळपट राहिला. तेवढा भाग कुणीतरी नंतर फवारला होता. ती गिटार आजही माझ्याकडे आहे, रोज वाजवतो, पण ज्याने विकली त्याने हे सांगायला हवं होतं.

तेव्हा बहिणीला हेच दोन प्रयोग करायला सांगा. नोटा तपासायला वापरतात तसला छोटा अतिनील टॉर्च घ्यायचा, खोलीत अंधार करायचा आणि हेडस्टॉकच्या मागून नेकच्या बुडापर्यंत, मग पाठीवर फिरवायचा. जुना लॅकर सगळीकडे सारखा चमकला पाहिजे. आणि नख दोन्ही कडांवर, सावकाश.

वर्षाबद्दल. हेडस्टॉकच्या मागच्या सीरियल नंबरावर एकट्यावर विसंबू नका, कारण १९६३ ते १९६९ या काळात गिब्सनने तेच तेच नंबर पुन्हा वापरलेत. एकाच नंबराच्या दोन गिटारी असू शकतात, वेगळ्या सालच्या. साल ठरतं ते बाकीच्या खुणांवरून. तुमच्या फोटोत ट्रॅपीझ टेलपीस आहे, म्हणजे तारा मागच्या टोकाला बांधलेल्या पट्टीत अडकवलेल्या. सुरुवातीच्या ३३५ ना पानात ठोकलेला स्टॉप टेलपीस असायचा, ट्रॅपीझ आला १९६५ च्या सुमारास. हार्डवेअरही निकेलचं नाही, क्रोमचं दिसतंय, तेही त्याच सुमाराचं. आणखी पक्कं करायचं तर ट्रेबल (बारीक तारांच्या) बाजूच्या एफ-होलमधून, म्हणजे पानावरच्या f आकाराच्या फटीतून, छोटा आरसा आणि टॉर्च घालून व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालच्या पॉटवरचे आकडे वाचता येतात का बघा. १३७ ने सुरुवात असेल तर पॉट सीटीएस कंपनीचा, पुढचे दोन आकडे साल आणि त्यापुढचे दोन आठवडा. १३७६६३३ म्हणजे १९६६ चा तेहतिसावा आठवडा. गिटार पॉटच्या आधीची असू शकत नाही, थोडी नंतरची असू शकते. बास बाजूच्या एफ-होलमधून लेबल दिसेल, त्यावर ईएस-३३५टीडी असं लिहिलेलं असायला हवं. टी म्हणजे थिनलाइन, डी म्हणजे दोन पिकअप, तारांची कंपनं पकडणारे चुंबकी भाग.

पिकअप उघडायची गरज नाही. पुढे कधी उघडलेत आणि खाली पेटंट नंबरचं स्टिकर दिसलं, तर नंबर शोधून गोंधळू नका. २,७३७,८४२ हा नंबर सेथ लव्हरने बनवलेल्या या हंबकर पिकअपचा नाहीच, तो गिटारवादक लेस पॉलच्या टेलपीसच्या पेटंटचा आहे. खऱ्याखुऱ्या पिकअपखालीही तोच छापलेला असतो.

ट्यूनरचं म्हणाल तर मूळच्या क्लूसन ट्यूनरची प्लॅस्टिकची बटणं वयानुसार आकसतात आणि हातात भुगा होतात. बदलणं स्वाभाविक होतं. प्रश्न एवढाच की ग्रोव्हर कंपनीचे ट्यूनर बसवताना हेडस्टॉकची भोकं मोठी केली का. केली असतील तर ते परत होत नाही. मूळ भोकात बसणारे घातले असतील तर काळजी नाही. तसंच पानावर ब्रिजच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे दोन बुजवलेली भोकं दिसतात का बघा. ट्रॅपीझ काढून स्टॉप टेलपीस बसवायची हौस पुष्कळांना होती, आणि त्यासाठी पान भोसकलं जायचं. फ्रेट बदललेले असणं मात्र मी दोष मानत नाही. ६० वर्षं वाजलेली गिटार, फ्रेट झिजणारच.

तुम्ही विचारलं नाहीत, पण याच गोष्टीवर तुमचा आनंद अवलंबून आहे, ती म्हणजे नेकची रुंदी. १९६५ मध्ये गिब्सनने नटपाशी नेक अरुंद केला. आधी सुमारे ४३ मिलिमीटर होता, मग सुमारे ४०. तीन मिलिमीटर ऐकायला काही नाही, पण पहिल्या पोझिशनमध्ये डी कॉर्ड धरली की बोटं एकमेकांवर चढतात. १९६४ ची ३३५ आणि १९६७ ची यांच्या किमतीत दोन-तीन पटींचा फरक पडतो त्याचं मोठं कारण हे आहे. माझी बोटं बारीक आहेत, मला तो नेक आवडतो, बेंड करताना मुठीत बसतो. तुमची बोटं जाड असतील तर पुण्यात कुणाकडे ४० मिलिमीटर नटची कुठलीही गिटार मिळाली तरी तासभर वाजवून बघा. आवाजात या गिटारी कमी नाहीत. १९५८ पासून जी कल्पना आहे तीच: मधोमध मेपलचा ठोकळा, दोन्ही पंख पोकळ. पोकळ गिटारीचा गोडवा राहतो, आणि अँप वाढवला तरी ती शिट्टी मारत सुटत नाही.

आता भारतात आणण्याचं. इथे फ्रेटबोर्डचं लाकूड महत्त्वाचं. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत गिब्सन ब्राझीलचं रोजवुड वापरत होती, मग भारतीय रोजवुडकडे वळली, म्हणजे आपली शिसवीच. १९६७ ची गिटार यातल्या कुठल्याही बाजूला असू शकते. ब्राझिलियन रोजवुड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही, आणि कागद नसले तर जप्ती होऊ शकते. शिसवी २०१७ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात आली, पण २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. म्हणून पैसे देण्याआधी तिथल्या जाणकार कारागिराकडून लाकूड ओळखून घ्या आणि कस्टम ड्यूटीही विचारून ठेवा. कॅलामझू हे गाव ग्रँड रॅपिड्सहून गाडीने तासाभरावर आहे. या गिटारी तिथल्या पार्सन्स स्ट्रीटवरच्या कारखान्यात बनल्या. गिब्सनने तो १९८४ मध्ये बंद केला, पण तिथल्याच काही कामगारांनी पुढच्या वर्षी त्याच इमारतीत हेरिटेज गिटार सुरू केली. विटांची ती जुनी चिमणी बघायला मी मुद्दाम गेलो आहे. त्या गावात हात बसलेली माणसं अजून सापडतात.

बहीण आत्ता थंडीत गिटार आणायला जाणार असेल तर एवढं पक्कं सांगा: घरी आणल्यावर पेटी लगेच उघडायची नाही. बाहेर शून्याखाली, आत हीटर. अशात पेटी उघडली की लॅकर डोळ्यांदेखत नव्याने तडकतो. रात्रभर पेटी बंदच ठेवायची, सकाळी उघडायची. रबराच्या स्टँडवरही ठेवायची नाही, रबर नायट्रो लॅकरला चिकटतं आणि डाग पाडतं. जाण्याआधी त्या गृहस्थांकडून नटच्या मागचा, तिरक्या उजेडातला एक जवळचा फोटो मागवा आणि इथे टाका. मी बघून सांगतो.