पहिला बिल्ड लावताना

एफ-ड्रॉइड या मुक्त-सोर्स अँड्रॉइड अ‍ॅपच्या भांडारासाठी पहिलीच मेटाडेटा फाइल (अ‍ॅपचा सोर्स कुठून घ्यायचा आणि कसा बिल्ड करायचा हे सांगणारी) लिहितोयस ना, मग आधी अ‍ॅपच्या सोर्सची रिपॉझिटरी कोऱ्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन कर आणि अँड्रॉइड स्टुडिओ न उघडता टर्मिनलवरून ग्रेडल या बिल्डच्या साधनाने रिलीज बिल्ड करून बघ. तुझ्याच मशीनवर पडून असलेल्या फाइलींवर बिल्ड अवलंबून असेल, तर ते इथेच कळतं.

मेटाडेटात कमिटच्या (सोर्सच्या नोंदवलेल्या नेमक्या स्थितीच्या) जागी ब्रांचचं नाव नको, त्या कमिटची ओळख असलेला पूर्ण ४० अक्षरी हॅश दे. ब्रांच पुढे सरकते, हॅश सरकत नाही. व्हर्जन कोडही (आवृत्तीचा आकडा) अ‍ॅपमधून बघूनच उतरव. मी एकदा ४२ ऐवजी ४१ लिहिलं होतं. सगळं कंपाइल झालं आणि अगदी शेवटी एपीके (तयार अ‍ॅपची फाइल) तपासताना बिल्ड नापास!

खरा वेळ स्कॅनरला, म्हणजे एफ-ड्रॉइडच्या सोर्स तपासणाऱ्या साधनाला दे. सोर्समध्ये आधीच कंपाइल केलेली जार किंवा एसओ फाइल सापडली की तो अडवतो, आणि ते योग्यच आहे: जे सोर्समधून बनलं नाही, ते वापरणाऱ्याने कशाच्या भरवशावर घ्यायचं? अ‍ॅपमध्ये गूगलचं फायरबेस असेल तर त्याशिवायचा वेगळा फ्लेवर (त्याच सोर्समधून बनणारा अ‍ॅपचा वेगळा प्रकार) बनव आणि मेटाडेटातल्या ग्रेडलच्या ओळीत त्याचंच नाव दे. स्कॅनरला गप्प करायची सोयही आहे, पण कारण सांगता येत नसेल तर ती वापरू नकोस.

अपडेटची तपासणी टॅगवर (रिपॉझिटरीत आवृत्तीला दिलेल्या खुणेवर) लाव आणि सोबत AutoUpdateMode ही ओळही दे, म्हणजे पुढची आवृत्ती आपोआप उचलली जाईल.