वेबसाइट बिल्डर घ्यावा की वर्डप्रेस? वाचकांची प्रश्नोत्तरे

इतवारीत आमचं घाऊक किराण्याचं दुकान आहे. पत्ता, फोन, मालाची यादी, एवढीच चार-पाच पानं हवीत. सगळे वर्डप्रेस घ्या म्हणतात. घेऊ का?

नको, बिल्डरच घ्या, म्हणजे तयार साच्यांतून साइट बनवू देणारी कंपनीची ऑनलाइन सेवा. वर्डप्रेस हे साइट चालवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते सांभाळावं लागतं. थीम (साइटचं रूप) आणि प्लगिन (जादा सोयींचे जोड) वेळच्या वेळी अपडेट करायचे, त्याआधी बॅकअप घ्यायचा. हे बघणारं कोणी नसेल तर एखाद्या जुन्या प्लगिनमधून साइट हॅक होते आणि दुकानाच्या नावाखाली भलत्याच जाहिराती दिसू लागतात. बिल्डरमध्ये अपडेटची जबाबदारी कंपनीची असते.

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, मात्र स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवरच घ्या. बिल्डर कंपनीने दिलेल्या फुकट पत्त्यावर दुकान उभं करू नका. गूगलने बिझनेस प्रोफाइलवरच्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा ज्यांचं स्वतःचं डोमेन नव्हतं त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावरचा साइटचा पत्ता काही महिन्यांतच निकामी झाला.

महालातल्या आमच्या वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर आहे. पाच-सहा जण मराठी लेख टाकतात. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते, शिवाय पत्ता मधेच तुटलेला असतो. बिल्डरवर जावं का?

मुळीच नाही. इतके लेखक आणि वाढता संग्रह असेल तर वर्डप्रेसच योग्य. दोष स्लगचा आहे, म्हणजे लेखाच्या पत्त्यातल्या शेवटच्या तुकड्याचा. वर्डप्रेस तो शीर्षकावरून आपोआप बनवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं (बाइट म्हणजे संगणकातलं साठवणीचं माप) आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून ३ अक्षरांत लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ जागा. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘संत्री’ हा दोन अक्षरी शब्द, पण त्यात सहा चिन्हं, म्हणून ५४ जागा गेल्या. स्लगला जागा २०० च. त्यामुळे लांब शीर्षक मधेच कापलं जातं.

उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी स्लगच्या चौकटीत तीन-चार शब्द रोमन लिपीत हाताने लिहा. जुन्या लेखांचे स्लग बदलले तरी चालेल, पोस्टचा जुना पत्ता वर्डप्रेस स्वतःच नव्याकडे वळवतं. ‘पेज’च्या (‘आमच्याविषयी’सारख्या कायमच्या पानांच्या) बाबतीत तो भरवसा धरू नका.

नव्या लेखकांना ‘कॉन्ट्रिब्युटर’ करा. त्यांना लेख तपासणीला पाठवता येतो, प्रसिद्ध करता येत नाही. फोटोही चढवता येत नाहीत, ते ‘एडिटर’ने टाकायचे.

रामदासपेठेतल्या आमच्या क्लासची साइट विक्स या बिल्डरवर आहे. वर्डप्रेसवर न्यायची आहे, काय काय सोबत येईल?

फार थोडं. विक्सवरून अख्खी साइट उचलून नेता येत नाही. पानांचा मजकूर हाताने उतरवावा लागतो आणि मांडणी नव्याने करावी लागते. आधी सगळ्या जुन्या पानांच्या पत्त्यांची यादी करा. नव्या होस्टिंगवर (साइट जिथे ठेवली जाते त्या सेवेवर) प्रत्येक जुन्या पत्त्यासाठी ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण, लावा, नाहीतर गूगलवरून येणारे विद्यार्थी ‘पान सापडलं नाही’वर येऊन थांबतील.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ईमेलचा. डोमेनचे नेमसर्व्हर (त्याच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले की जुन्या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, एमएक्स नोंदी (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) मागेच राहतात आणि क्लासच्या पत्त्यावर मेल येणं बंद होतं. एमएक्स आणि टीएक्सटी (मेलचा खरेपणा पटवणारा मजकूर वगैरे असलेल्या) नोंदी आधी नव्या डीएनएसमध्ये जशाच्या तशा भरा, मगच नेमसर्व्हर बदला.