साती आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात लोकदेवतांचं, चित्र काढायचं आहे, त्यांना माणसाचं रूप कसं द्यावं?

आधी एखादी जुनी विहीर नाहीतर नदीचा डोह गाठा. आमच्या मराठवाड्यात आसरांना मूर्ती क्वचितच असते. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, हिरवी चोळी, बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. म्हणजे चेहरा तुम्हालाच घडवायचा आहे, आणि मला तरी यातली खरी गंमत तीच वाटते.

इंग्रज चित्रकार वॉटरहाउसच्या १८९६ च्या 'हायलस अँड द निम्फ्स' या चित्रातही जलकन्या सातच आहेत, पण त्यांचे चेहरे जवळजवळ सारखे आणि भाव मोहात पाडण्याचा. आसरा तशा नाहीत. त्या पाणी राखतात, कोपतात, ओटी भरली की शांत होतात. म्हणून सातही वेगळ्या काढा: एक म्हातारी, एक लेकुरवाळी, एक अल्लड पोर. नऊवारी, ओले केस, कपाळभर कुंकू. परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेत पायऱ्या चक्राकार उतरतात. तिथे सातजणी एकेका पायरीवर बसवल्या तर नजर आपोआप पाण्याकडे जाईल.

रंगांसाठी अजिंठ्याच्या पहिल्या लेणीतले नागराज बघा. तेही पाण्यातलेच. गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळी अशा साध्या रंगांनी त्वचेला केवढा उजाळा आणलाय! पाणी मात्र निळं करू नका, विहिरीचं पाणी हिरवट काळं असतं.